पाठीवरचं नाव

आमच्या वाडीतल्या बायकांनी क्रिकेटची टीम काढली, तेव्हा बॅट कुठल्या बाजूने धरायची हेही मला धड ठाऊक नव्हतं. तरी टीममध्ये मला घेतलं, कारण अकरावी बाई मिळत नव्हती. आणि टी-शर्टांवर नावं छापून आणायचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. आमच्याकडे ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला सगळंच येतं असा समज आहे. आमची कप्तान म्हणजे शेजारच्या घरची सून. वयाने माझ्याहून बरीच लहान, तोंडाने मात्र मोठी. ती म्हणाली, "तुका मालवणात जावचाच असता. वायच विचारून ये, स्वस्तात खंय होता तां."

मी बरं म्हटलं. त्या दिवसापासून सामना होईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

टी-शर्टवरच्या नावासाठी एवढा जीव खाली-वर करून घ्यायचं काय कारण, असं कोणीही विचारील. कारण होतं, पण ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, आणि मी तशी लवकर चिडते, त्यामुळे भांडणच झालं असतं.

माझं माहेर बांद्याचं. वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं आणि आई जन्मभर त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसली. आता दुकान भाऊ बघतो, आणि आई घरात असते, पण घरात असूनही नसते. माणसं विसरायला लागून तिला काही वर्षं झाली. आधी लांबचे नातेवाईक गेले, मग शेजारी, मग वडील वारल्याचं ती विसरली. गणपतीला मी गेले तेव्हा तिने मला पाट दिला, चहा घे म्हणाली आणि विचारलं, "तू खंयची गो? कोणाकडे इलंस?" वहिनीने माझं माहेरचं नाव घेऊन सांगितलं, आये, ही तुझी मुलगी. आईने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "होय, पण तू खंयची?"

मी हसले. वहिनी हसली. परतीच्या एस्टीत मात्र खिडकीकडे तोंड करून बसले ती कुडाळपर्यंत. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, बाई, गाडी लागते काय तुम्हाला.

आईचं एकच शाबूत होतं, ते म्हणजे वाचणं. समोर अक्षर दिसलं की ती मोठ्याने वाचते. एस्टीची पाटी, औषधाचं पाकीट, पिशवीवरची जाहिरात, कॅलेंडरवरची तिथी. ऐकलेलं तिच्या डोक्यात टिकत नाही, पण वाचलेलं तिला अजून पटतं. न्हाणीघर कुठे ते ती विसरायला लागली, तेव्हा वहिनीने दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. आई तो वाचते आणि बरोबर आत जाते. वहिनीने फोनवर हे सहज सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. माझं नाव तिने वाचलं तर? मोठ्या अक्षरांत, माझ्याच अंगावर?

कागदावर लिहून छातीला पिनने लावलं असतं तरी चाललं असतं. पण मला लाज वाटत होती. भावाच्या घरी, वहिनीसमोर, चाळिशी ओलांडलेल्या बाईने छातीवर नावाचा कागद लावून आईसमोर उभं राहायचं? टी-शर्टचं बरं होतं. तिथे सगळ्यांच्याच पाठीवर नाव असणार होतं.

यातली खरी अडचण पुढेच होती. आईला ठाऊक असलेलं माझं नाव आणि वाडीला ठाऊक असलेलं माझं नाव एक नाही. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं. सासूबाईंनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं, मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. साखर वाटली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तेव्हापासून रेशनकार्डापासून हायस्कूलच्या मस्टरपर्यंत मी त्या नव्या नावाची आहे. जुनं नाव फक्त बांद्याला होतं, आणि तिथेही ते बोलावणारी माणसं कमी होत चालली होती.

म्हणजे सगळ्या वाडीसमोर मी पाठीवर असं नाव घालून उभी राहणार होते, जे तिथे कोणालाच माहीत नाही. सासूबाई काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, माणसं काय अर्थ काढतील, या विचाराने मला घास गोड लागेना. आणि त्यात ते स्वस्तात करायचं होतं.

कप्तानाने शर्ट आधीच घेऊन टाकले होते. गडद निळे, बाजारात ढिगाने मिळतात तसले, चकचकीत कापडाचे. मी तिला विचारलं, छपाईचं विचारायच्या आधी शर्ट कशाला घेतलेस? ती म्हणाली, "निळ्यार डाग दिसणत नाय."

मालवणात स्टँडपासून जरा आत एक छपाईवाला आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, कपांवर फोटो, असलं सगळं करतो. दुकानात शाईचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. मी शर्ट पुढे ठेवल्याबरोबर तो चुकचुकला. "पांढरो असतो तर सोपा होता. रंग कापडातच जिरवून दिलो असतो, धुतल्यार जातलो नाय. ह्या निळ्यार तो दिसूचोच नाय."

म्हणजे पहिला आणि बरा मार्ग कप्तानाच्या डागांनी बंद करून ठेवला होता.

मग मी त्याला साच्याच्या छपाईचं विचारलं, ज्याने निवडणुकीत टोप्या आणि झेंडे छापतात. तो म्हणाला, ती एकाच नावाचे शंभर शर्ट असतील तर परवडते. प्रत्येक नावाला जाळीची वेगळी चौकट बनवावी लागते. अकरा बायका, अकरा नावं, अकरा चौकटी, आणि प्रत्येक चौकट एकदा वापरून फेकायची. भरतकामाची चौकशी केली तर त्याने शर्टाचं कापड दोन बोटांत धरून दाखवलं. एवढ्या पातळ कापडावर सुई चालली की ते चुण्या पडून गोळा होतं, आणि पाठीला टोचतं ते वेगळंच. शिवाय त्याची किंमत ऐकल्यावर मी पिशवी उचललीच होती.

उरले दोन मार्ग. एक म्हणजे रबरासारख्या रंगीत कागदातून यंत्राने अक्षरं कापायची आणि तापल्या पाट्याखाली दाबून चिकटवायची. त्याचा दर अक्षरावर. आता अक्षर म्हणजे काय यावरून माझं आणि त्याचं जुंपलं. त्याला इंग्रजी अक्षरं मोजायची सवय. मराठीत काना वेगळा धरायचा काय? वेलांटीचे पैसे पडणार काय? जोडाक्षर एक की दोन? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंग्लिशमधीच घ्या. सगळे टीमवाले इंग्लिशमधीच घालतत."

दुसरा मार्ग फिल्मचा. सगळी नावं एका लांब प्लास्टिकच्या शीटवर छापायची, मागे गोंदाची पूड, मग एकेक कापून शर्टावर दाबायचं. दर शीटच्या लांबीवर, अक्षरांवर नाही. नावं खेटून लावली तर सगळी टीम एकाच तुकड्यात बसते. पण ती शीट तो स्वतः काढत नाही, कुडाळला पाठवतो, आणि एकदा काढली की त्यात बदल नाही.

मी दोन्हींचे नमुने मागितले. त्याने कंटाळत का होईना, चिंधीवर एक कापलेलं अक्षर आणि एक फिल्मचा तुकडा दाबून दिला, आणि बजावलं की कपडा उलटा करून, हाताने, हलक्या पाण्यात धुवा, अक्षरावर इस्त्री फिरवू नका. मी हो हो म्हटलं. आमच्या वाडीत हलक्या हाताने कोणी काही धुतलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे कपडा विहिरीवर जातो, साबणाची वडी लागते आणि धोंडीवर आपटला जातो. बाईचा राग नवऱ्यावर असेल तर जरा जास्त आपटला जातो. तेव्हा मी दोन्ही चिंध्या घरी नेल्या आणि विहिरीवर तशाच आपटल्या. कापलेलं अक्षर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला कोपऱ्यातून उठलं, आणि एकदा उठलेलं नख लावून सोलल्याशिवाय माझ्याने राहवलं नाही. फिल्म राहिली. जरा कडक झाली, पण राहिली.

मध्येच कप्तानाचा तिसराच बेत निघाला. पैसेच कशाला घालवायचे, आपण घरीच रंगवूया. सासूबाईंच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, तो मी ब्लेडने कापून अक्षराचा साचा केला आणि कापडाचा रंग बोळ्याने लावून बघितला. रंग साच्याखाली पसरला, अक्षराला मिश्या फुटल्या आणि वाळल्यावर ताणलं की भेगा. सासूबाई बाजूला बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माझो गुडघो फुकट घालवलंस." मी चिडून सगळं उचलून टाकलं. खरं तर मला त्यांचा राग आला नव्हता. हे सगळं माझ्या हातून होणार नाही आणि आई तशीच राहील याची भीती वाटत होती. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

ठरलं शेवटी फिल्मचंच. आता भाषेचं भांडण. टीममधल्या बाकी सगळ्यांना इंग्रजी हवं होतं, टीव्हीवरच्या खेळाडूंसारखं. आईला इंग्रजी येत नाही. दुकानातल्या डब्यांवरची इंग्रजी नावंसुद्धा ती रंगावरून ओळखायची. मला मराठीच हवं होतं आणि का हवं ते सांगता येत नव्हतं. म्हणून मी कापणी झालेल्या भाताच्या कुणग्यात, जिथे आमचा सराव चालायचा, भाषण ठोकलं. आपली भाषा, आपली ओळख, आपला अभिमान. बोलताना माझं मलाच कसंतरी होत होतं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. कप्तान म्हणाली, "बाय, तू निवडणुकेक उभी रवतंस काय?" पण मी हट्ट सोडला नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, मराठी तर मराठी, आपल्या सासवांका तरी वाचूक येतला. म्हणजे माझ्या सासूबाईंनाही ते वाचता येणार होतं.

नावं मोबाईलवर छपाईवाल्याला पाठवायची होती. दहा नावं मी झटक्यात टाईप केली. अकरावं टाईप केलं, पुसलं, सासरचं टाईप केलं, तेही पुसलं. हायस्कूलमध्ये टेबलाशी बसले होते, समोर फीच्या पावत्या, आणि माझा अंगठा त्या बटणावर. बरं, या नावाने आईने ओळखलं नाही तर? मग तर सासर आणि माहेर दोन्हीकडून हसं. आणि ओळखलं, तर मी काय करणार, हाही विचार मी केलेला नव्हता. शिपाई सही घ्यायला आला तेव्हा दचकून मी जुनं नाव पाठवूनच टाकलं.

संध्याकाळी कप्तान आली. तिने मोबाईलवर यादी बघितली होती. "ह्या शेवटचा कोणाचा?"

"माझं."

"तुझा?"

"माहेरचं."

तिचं नाव लग्नात बदललेलं नाही, हल्लीच्या मुलींचं बरेचदा बदलत नाही. तिला वाटलं असावं मी काहीतरी बंड करते आहे. "घरात सांगलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, तू तुझी बॅट सांभाळ. ती गेल्यावर वाईट वाटलं, पण तोवर तिने तिच्या घरात जाऊन दिवा लावलासुद्धा.

शीट वेळेवर आली नाही. कुडाळचं यंत्र बंद होतं म्हणे. मी रोज फोन करायची आणि छपाईवाला रोज उद्याचं सांगायचा. तिकडे भावाशी माझं बोलणं झालेलं. सामन्याच्या दिवशी तो आईला व्हॅनमधून घेऊन येणार होता. आईला बाहेर नेलं की ती कावरीबावरी होते, म्हणून तो तयार नव्हता. पण मी फोनवर रडले, तेव्हा बरं म्हणाला. आता शर्टच नसेल तर आई येऊन काय बघणार? सामन्याच्या आदल्या दिवशी मी अर्धी रजा टाकून मालवणात गेले आणि दुकानातल्या बाकावर ठाण मांडून बसले. म्हटलं, शर्ट घेतल्याशिवाय उठणार नाही. कुडाळहून येणाऱ्या एस्टीत कंडक्टरकडे शीट दिली होती. ती आली, त्याने कापली, आणि एकेक शर्ट पाट्याखाली जाऊ लागला. माझा शेवटचा होता. प्लास्टिक सोलताना त्याने ते नाव मोठ्याने वाचलं, जशी इतर दहा वाचली तसंच, आणि शर्ट ढिगावर टाकला. इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदाच कोणा परक्याच्या तोंडून ऐकलं. मी पैसे देऊन निघाले तेव्हा उरलेले घ्यायचं विसरले आणि त्याला मागून हाक मारावी लागली.

घरी शर्टांची पिशवी ओटीवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. परत आले तर सासूबाई पिशवीतून एकेक शर्ट काढून वाचत होत्या. आमच्याकडे नव्या कपड्याला कुंकू लावल्याशिवाय तो अंगावर घालत नाहीत, आणि सासूबाईंनी अकराच्या अकरा शर्टांना लावायचं ठरवलेलं दिसलं. माझा शर्ट त्यांच्या मांडीवर होता.

"ही कोण? आपल्या वाडीत ह्या नावाची बाय नाय."

मी म्हटलं, "माझं आहे ते."

त्यांनी चष्मा वर केला. मला वाटलं आता सुरू होणार. त्यांनीच ठेवलेलं नाव, तांदळातलं, सगळ्या पाहुण्यांसमोरचं. माझ्या हातात टॉवेल होता, तो मी पिळत राहिले.

"माझ्या झिलाक सांगलंस?"

"त्यांना नाही सांगितलं."

"आवस येतली काय उद्या?"

आई येणार होती, मी मान हलवली. बाकी काही सांगायची गरज पडली नाही. गणपतीहून परत आले तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते ते त्यांच्या ध्यानात असावं. त्यांनी कॉलरच्या आत कुंकवाचं बोट लावलं आणि पुढचा शर्ट घेतला. मला हायसं वाटलं, इतकं की चुलीपाशी जाऊन बसले आणि उगाच भांडी घासत राहिले.

सामना शाळेच्या मैदानात होता. मैदान म्हणजे तांबडी माती, कडेला काजूची झाडं आणि एका बाजूला मांडव. कुर्त्यावर शर्ट चढवून आम्ही अकराजणी उभ्या राहिलो तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती. भावाची व्हॅन आली, वहिनीने आईला उतरवून मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. आईने चांगलं लुगडं नेसलं होतं. माझ्या सासूबाई आपण होऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी लांबून बघत होते. आई मांडवावरचा बॅनर वाचत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

क्षेत्ररक्षणाला कप्तानाने मला अगदी कडेला उभं केलं, जिथे मी कमीत कमी नुकसान करीन. ती जागा आईच्या खुर्चीसमोरच होती. मग मी काय केलं, तर चेंडू येतो तिकडे तोंड करायच्या ऐवजी पाठ आईकडे राहील अशी तिरकी उभी राहायला लागले. नाव पाठीवर, तेव्हा पाठच दाखवायला हवी. माझ्या बाजूने दोन चेंडू सरळ गेले. कप्तान ओरडली, "गो बाय, चेंडू फुडसून येता, पाठसून नाय." मांडवात हशा पिकला. मी मागे वळून बघितलं, आई दुसरीकडेच बघत होती, काजूच्या झाडावर खिळवलेल्या कसल्याशा पाटीकडे.

आमची खेळायची पाळी आली. समालोचक माईकवरून प्रत्येकीचं नाव घेऊन काहीबाही कोट्या करत होता. मी बाकावर बसले होते. त्याने कोणाचं तरी नाव पुकारलं, एकदा, दोनदा, मग म्हणाला, बाईंना मैदान सापडत नाही वाटतं. मी पण हसले. कप्तानाने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "तुका बोलावता तो."

तेव्हा मला कळलं की ते माझं नाव होतं. मलाच ओळखता आलं नाही, तर आईकडून काय मागणार? मी गेले, पहिल्याच चेंडूला बॅट फिरवली आणि मागे लाकडं पडल्याचा आवाज आला. आम्ही हरलो. फार काही अंतराने नाही, पण हरलो. बाकीच्या बायका हसत होत्या, एकमेकींच्या पाठीवरची नावं मोबाईलमध्ये घेत होत्या. मी सरळ मांडवाकडे गेले.

आईच्या समोर गेले आणि पाठ फिरवून उभी राहिले. दुसरं काय करणार? चेहऱ्यावर आईला माझं नाव वाचता येत नव्हतं. मागून वहिनीचा आवाज आला, "आये, ह्या वाच बघू." समोर मैदानात दोघं दोरी गुंडाळत होते, तिकडे बघत राहिले.

आईने वाचलं. सगळं वाचते तसंच, एकेक अक्षर वेगळं आणि मग जोडून. मग ती थांबली. मग पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते वाचणं नव्हतं. दुकानाच्या मागल्या दारातून मला जेवायला हाक मारायची, त्या आवाजात तिने माझं नाव घेतलं. मी वळले. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ह्या माझ्या चेडवाचा नाव," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसले. तिचे हात धरले. "होय, आये. मीच तां."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. घामाने मळलेला, केस पांढरे व्हायला लागलेला चेहरा. मग तिने हात सोडवून घेतले. "तिचो शर्ट तू कित्याक घातलंस?"

"आये, मीच..."

"तां शाळेतसून येतला आणि शोधीत बसतला. नवो शर्ट आसा. काढ बघू."

भाऊ पुढे झाला, "आये, अगो हीच ती." आई घाबरली. आवाज चढला, खुर्चीतून उठायला लागली. कोणीतरी तिच्या मुलीची वस्तू घेतली होती आणि सगळे मिळून तिला खोटं पाडत होते. माझ्या सासूबाईंनी भावाला हाताने मागे केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शर्ट डोक्यावरून काढला आणि आईच्या हातात दिला.

ती लगेच शांत झाली. तिने शर्ट मांडीवर पसरला, बाह्या आत घेतल्या, नाव वर राहील अशी घडी घातली, दुकानात कापडाच्या पिशव्यांची घालायची तशी. अक्षरांवरून हात फिरवला. मी तशीच खाली मातीत बसले होते, कुर्त्यावर. मला तिथून उठता येत नव्हतं, आणि रडायलाही नीट येत नव्हतं, कारण ती पुन्हा घाबरली असती.

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं. आपण एका परक्या बाईवर उगाच ओरडलो असं तिला वाटलं असावं. ती तशी मुळात मऊ स्वभावाची. तिने माझ्या गालाला लागलेली माती पदराने पुसली.

"रागाव नको हां, बाये. तुझा नाव काय गो?"

शर्टावर तिचा तळवा होता. मी सासरचं नाव सांगितलं.

"बरा नाव आसा," आई म्हणाली. "आवशीन ठेवल्यान?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या.

"होय," मी म्हटलं.